दारातलं वळण

९ फेब्रुवारी २०२१, अ‍ॅमस्टेलव्हीन, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. दुबईजवळच्या वसाहतीचे नकाशे सहा महिने काढतेय, आणि आज यानने, आमच्या बॉसने, ऑनलाइन मीटिंगमध्ये पाच मिनिटांत दारातलं वळण काढून टाकलं.

तिथल्या जुन्या घरांत दारातून थेट अंगण दिसत नाही. आत शिरलं की समोर भिंत, मग वळायचं. रस्त्यावरची नजर तिथेच अडते, म्हणून बायका अंगणात निवांत बसतात. यान म्हणतो, "सरळ करू. मोकळं वाटेल. लोकांना लपवायचं काय असतं?" इथे नेदरलँड्समध्ये संध्याकाळी दिवे लावले तरी कोणी पडदे ओढत नाही, म्हणून साऱ्या जगाने तसंच राहायचं?

मरियम, तिकडची आर्किटेक्ट, शांतपणे म्हणाली, "मग अंगणात कोणी बसणार नाही. आत जाऊन एसी लावतील." झालं. ज्या गार अंगणाच्या जोरावर आम्ही प्रकल्पाला पर्यावरणस्नेही म्हणतोय, तेच रिकामं राहणार. यानने मान डोलावली आणि पुढची स्लाइड लावली.

आणि मी? 'बघते' म्हणाले. पाचच्या आत वळण पुसून नकाशा पाठवूनही दिला. स्वतःचा राग येतोय तो वेगळाच. एक वळण वाचवता आलं नाही मला.

लपवायचं काय असतं म्हणे. जवळजवळ वर्षभर रोज व्हिडिओवर भेटतो, पण यानच्या घराची एक भिंतसुद्धा मी पाहिलेली नाही. त्याच्या मागचं सगळं कायम धूसर केलेलं असतं.