वाळवंटात पत्ता विचारल्याची हकीकत

लालबाग, मंगळवार

ती. हितूदादास,

माधवचा साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे नुसतं लिहितो. या खेपेस आठही अंगं खरोखर टेकून झाली आहेत, तीही सात वेळा, वाळूत. ते पुढे येईलच.) इकडे सगळे मजेत. काकूला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू येऊ नये ते बरोबर येतं. सुचित्रा बरी आहे, ओवीची परीक्षा संपली. तुझ्या कलमांना मोहोर कसा आहे, आणि थंडीत पाय दुखतो का, ते कळव. पायाचं मुद्दाम विचारतोय. फोनवर तू 'बरं, बरं, ठेवतो' यापलीकडे जात नाहीस, म्हणून हा कागद.

तर बातमी अशी की मी वाळवंटात मोटारसायकलच्या शर्यती करायला लागलो आहे. हसून घे. पन्नाशी झाली म्हणून ऑफिसने सगळ्यांची तपासणी करवली, तिथला डॉक्टर म्हणाला, एखादा छंद लावून घ्या. (त्याच्या मनात बहुतेक कुंडीतली तुळस होती.) दादरला अशा हौशी लोकांचा एक क्लब आहे, ओवीने शोधून दिला. शिकवणारा यशोधन नावाचा हिंदू कॉलनीतला मुलगा, वय सव्वीस. मला 'अहो काका' म्हणतो आणि त्याच मानाने झापतो. पहिला धडा म्हणजे वाळूत गाडीवर बसायचं नाही, उभं राहायचं. सराव म्हणून मी चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत दोन पाट मांडून, गुडघे वाकवून, कपडे वाळत घालायची काठी हँडलसारखी धरून रोज पंधरा मिनिटं उभा राहायचो. समोरच्या इमारतीतल्या वैशालीबाईंनी तिसऱ्या दिवशी सुचित्राला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? सुचित्राने सांगितलं, ठीक नाही, पण निरुपद्रवी आहे.

आणि दादा, तो मुलगा जे शिकवतो ना, ते सगळं मला येत होतं. नजर लांब ठेवा, चाकाकडे बघू नका. घाबरलात तरी मूठ सोडू नका. पुढचा ब्रेक विसरून जा. हे सगळं तू मला वडाळ्याच्या मिठागरात एका उसाच्या रसावर शिकवलं होतंस. तेव्हा तुझी ती सेकंडहँड टू-स्ट्रोक आपल्या जुन्या चाळीखाली उभी असायची आणि रविवारी सकाळी तू किक मारलीस की तिन्ही मजल्यांवरचं दूध उतू जायचं. (असं काकू म्हणायची. काका म्हणायचे, आवाज झाला म्हणून बरं, नाहीतर गिरणी बंद झाल्यापासून लवकर उठायची सवयच गेली आहे.) मागच्या महिन्यात मी मुद्दाम वडाळ्याला जाऊन आलो. आपण जिथून आत घुसायचो तिथे पत्र्याचं कुंपण आहे, वर कॅमेरा. एका फटीतून आत बघितलं. तोच पांढरा पट्टा, तोच खारा वास. मी बराच वेळ तिथे डोळा लावून उभा राहिलो आणि मला तुझी फार आठवण आली.

आता मुख्य पराक्रम. डिसेंबरात बिकानेरच्या बाजूला नवशिक्यांची शर्यत होती, तीस किलोमीटर. छातीला कवच, गुडघ्याला वाट्या, पायात असे बूट की ते घालून मी चाललो तर खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. निघताना मी रीतसर नारळ फोडला आणि गाडीला लिंबू-मिरची बांधली. तपासणीवाल्याने ती 'सैल वस्तू' म्हणून काढायला लावली. हँडलवर एका डबीत कागदाची गुंडाळी असते, तिच्यावर रस्त्याची चित्रं आणि किलोमीटरचे आकडे. ती फिरवत फिरवत वाट काढायची. आता तू सांग, आपण लालबागची माणसं. आपल्याला वाट म्हणजे मारुतीच्या देवळाला उजवीकडे, मग चक्कीवाला, मग कोणालाही विचारा. तिथे देऊळ नाही, चक्की नाही, सगळीकडे एकसारखी वाळू. बाराव्या किलोमीटरला माझी गुंडाळी एक सांगत होती आणि वाळवंट दुसरंच. तेवढ्यात एक म्हातारा मेंढपाळ दिसला. मी काय करावं? गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि त्याला पत्ता विचारला.

शर्यतीत, दादा. घड्याळ चालू असताना. शिवाय पत्ता विचारल्यावर लगेच निघणं बरं दिसत नाही, म्हणून गाव कुठलं, मुलं किती, मेंढ्या किती, असं सगळं विचारून झालं, त्याने चहा टाकला, तो नको म्हणवेना. पन्नास मिनिटांनी मी शर्यतीच्या पुढच्या ठाण्यावर पोचलो आणि उशीर का झाला हे तिथल्या माणसाला खरं खरं सांगितलं. बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नसते, असा नियम निघाला. मला बाद केलं. यशोधन डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो काका, रेसमध्ये पत्ता विचारतात का?" मी म्हटलं, बाबा, आम्ही पत्ता माहीत असला तरी विचारतो.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पाचव्यांदा पडलो तेव्हा गाडी माझ्या पायावर आली. वाळू मऊ, काही झालं नाही. पण तसाच आकाशाकडे बघत पडून राहिलो आणि एक्क्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी जशीच्या तशी समोर आली. गाडी मी चालवत होतो. तू मागे बसून ओरडत होतास, पुढचा ब्रेक दाबू नकोस, आणि मी दाबला. पाय तुझा मोडला. इस्पितळात तू सगळ्यांना सांगितलंस, मीच चालवत होतो, माध्या मागे होता. काकूने तिथेच तुला आईची, आपल्या गळ्याची शपथ घातली, पुन्हा गाडीला हात लावायचा नाही. मातीतल्या शर्यतीचा भरलेला फॉर्म तुझ्या शर्टाच्या खिशात होता, चिखलाने भिजलेला. तो मी बघितला आणि गप्प बसलो. मी सोळा वर्षांचा होतो हे खरं, पण नंतर सतरा, अठरा, पन्नास वर्षांचाही झालो आणि तरीही गप्पच बसलो. पाय बरा होताच तू गाडी परळच्या दगडू मेकॅनिकला देऊन टाकलीस आणि गावाला निघून गेलास. चौतीस वर्षं तू बागेत सायकलने फिरतोस. माझ्यामुळे, दादा. मला त्याची लाज वाटते.

काकूला सांगावं असं फार वाटतं, पण हिंमत होत नाही. ती चौऱ्याऐंशीची, तिला काय वाटेल! तू म्हणालास तरच सांगेन. खरं सांगितलं तर कदाचित ती शपथ मागे घेईल आणि तू पुन्हा गाडीवर बसशील, एवढीच माझी आशा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव

ता. क. – खरं काम राहिलंच. फेब्रुवारीत पुन्हा शर्यत आहे आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाला सोबत एक मदतनीस लागतो. सुचित्रा म्हणते, मी थेट दवाखान्यातच येईन. तेव्हा कलमांना चार दिवस कोणी राखणदार बघ आणि तू ये. नुसता उभा राहा, गाडीला हात लावू नकोस, म्हणजे शपथही मोडणार नाही.

ता. क. दुसरा – वरचं खरं नाही. फॉर्म मी भरून टाकला आहे. चालकाच्या रकान्यात तुझं नाव आहे, मदतनीस मी आहे. साठपर्यंत चालतं, तुला अजून तीन वर्षं आहेत.

ता. क. तिसरा (गुरुवार) – अनर्थ झाला. पाकीट टेबलावर उघडं राहिलं. काकूने ओवीला विचारलं, हितूला काय लिहिलंय बापाने? ओवीने वाचून दाखवलं, आणि काकूला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने, त्यामुळे आता सगळ्या मजल्याला माहीत आहे. मी ऑफिसातून आलो तर काकू माझ्या खुर्चीत बसलेली. मी पाया पडलो आणि रडलो. ती बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढच्या ब्रेकने तू कधीच पडला नसतास. मग शपथ का घातलीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, पोरगा जिवंत घरी यायला हवा होता, एवढंच तेव्हा कळत होतं.

नंतर तिने मला हे लिहून घ्यायला लावलं, तिच्याच शब्दांत:

"हितू, शपथ सुटली. मी सुटली म्हटलंय, आता ती माझ्या गळ्यात नाय. येताना हंयसून जा, माका भेट. आणि गाडी माधवाक चालवूक देव नको."