लाकडी घोड्यावरची मापं

६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि पत्र उशिरा टाकल्याबद्दल एक धपाटा.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. यांना शिडीवरून पडून वर्ष होत आलं. डॉक्टरांनी परवा सांगितलं की डावा गुडघा आता वाकायचा नाही. म्हणजे पाय आहे, त्यावर उभंही राहता येतं, पण तो कायम सरळ. हे काठी घेऊन घरभर फिरतात, पण दाराबाहेर पाऊल टाकायचं नाव नको. विजेच्या तारा तपासत उभा जन्म मोटरसायकलवर काढलेला माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतो. कोणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घेतो. तू येतो म्हणालास, पण त्यांनी तुलाही नकोच म्हटलंय. रागावू नकोस.

आता खरी बातमी. बोळ रंगवायचा आहे असं सांगून मी यांची मोटरसायकल हलवली. ती सध्या एका गॅरेजात आहे. तिथला कारागीर नुसती दुरुस्ती करत नाही, गिऱ्हाइकाच्या अंगाला बसेल अशी गाडी नव्याने बांधून देतो. त्याला सगळे पहिलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा आहे. तो म्हणतो की डावा पाय सरळ पुढे ठेवायला फळी करता येईल, गिअर उजव्या पायाकडे नेता येईल आणि मागचा ब्रेक हातात देता येईल. यांना यातलं काही माहीत नाही. एकदम तयार गाडी समोर उभी करणार आहे. खर्चाचं मी बघितलंय, त्यावर शाई घालवू नकोस.

लोभ आहेच; तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खुर्चीत नीट बसून घेतलं. विम्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर दिवसभर लोकांचे अपघात येऊन पडतात, त्यात घरचा एक नको, एवढंच माझं म्हणणं. माझी बायको मात्र तुझ्या बाजूने आहे. तिने मला भित्री भागूबाई म्हणून घेतलं आणि तुला शाबासकी कळवायला सांगितली आहे, ती कळवली.

एक विचारू? दाजींना न सांगता हे का? त्यांना नकोच असेल तर? गाडी आली आणि ते खिडकीपासून उठलेच नाहीत, तर ती गाडी रोज दारात उभी राहून त्यांना वाकुल्या दाखवेल. मग त्यांना पुन्हा बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही. मला त्याचीच धास्ती वाटते. तू मोठी आहेस, तुला जास्त कळतं, असं मी लहानपणापासून म्हणत आलोय आणि दर वेळी त्याचा पश्चात्ताप झालाय.

ममता असू दे, आणि कान उपटायचाच तर हळू.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं. झालं समाधान?

या पहिलवानाची तऱ्हा ऐक. तो आधी लोखंडाला हात लावत नाही. गॅरेजच्या मधोमध त्याने एक लाकडी सांगाडा ठेवलाय, त्याला तो घोडा म्हणतो. बैठक, हँडल, पाय ठेवायच्या जागा, सगळं पुढेमागे सरकतं. गिऱ्हाइकाने त्यावर बसून निवांत पेपर वाचायचा. माणूस सुरुवातीला ऐटीत बसतो आणि कंटाळला की खरा बसतो, मग मापं घ्यायची, असं त्याचं म्हणणं. त्याने मला ऐकवलं की ज्याची गाडी त्यालाच आणा. मी म्हटलं, मी शिवणकाम करते, आणि लग्न झाल्यापासून माझ्या नवऱ्याचा एकेक कपडा मीच शिवलाय, तोही कधी अंगाला लावून न बघता. त्यांचं माप मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तो डोकं खाजवत राहिला, पण ऐकलं.

तरी टेप लावावी म्हणून हे दुपारी खुर्चीत डुलकी घेत होते तेव्हा हात, पाय, कंबर सगळं मोजलं. अर्धवट डोळे उघडून त्यांनी काय चाललंय विचारलं, तर विजारी शिवायच्यात म्हणून सांगितलं. ते पुन्हा झोपले. मग मी यांचे बूट घातले, गुडघ्याला फूटपट्टी बांधली आणि सरळ पायाचा माणूस बसतो कसा ते पहिलवानाला दाखवायला घोड्यावर चढले. उतरताना फूटपट्टी मोडली आणि मी त्याच्या पंक्चरच्या टबात बसले. पहिलवान हसला नाही, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. माझ्या भावजयीला सांग, ती हसली तरी चालेल.

तुझ्यावर राग नाही, हे समजून घे आणि लोभ तसाच ठेव.

तुझी ताई

९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फार वाईट झालं. सगळ्यात आधी तुलाच लिहितेय, दुसरं कोणाला सांगू?

काल गाडी तयार झाली. डॉक्टरांकडे जायचंय म्हणून यांना टॅक्सीत घातलं आणि गॅरेजपाशी उतरवलं. गाडी अशी देखणी झाली होती की मलाच भरून आलं. यांनी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले की त्यांना वाटलं होतं, मी ती विकली. वर्षाच्या सुरुवातीपासून त्यांच्या मनात ते होतं आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

मग ते बसले. हँडल हाताला पुरेना. पाय फळीच्या टोकापर्यंत जाईना, टाच अधांतरी. पुढे ओणवून कसंबसं पकडलं, तर तोल जाऊन पहिलवानाच्या अंगावर कलंडले. पहिलवानाने पुन्हा टेप लावली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी प्रत्येक माप दोन बोटं वाढवून दिलं होतं. हाताच्या सवयीने, धाकट्या! कपडा बेतताना अंगापेक्षा जास्तच धरतो आपण, नाहीतर उठताबसता काचतो. लोखंडाच्या बाबतीत तसं चालत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परत येताना ते एक अक्षर बोलले नाहीत. आज खुर्ची खिडकीपासूनही आत घेतली आहे. मी त्यांचं भलं करायला गेले आणि चार लोकांसमोर त्यांना पाडलं. तू म्हणाला होतास तसंच झालं. आता ते बाहेर येणार नाहीत.

लोभ ठेव. आज मला त्याची गरज आहे.

ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी डोळे पूस. मी तसं म्हणालो होतो, हे मी अजिबात म्हणणार नाही.

तुझ्या दोन बोटांशी माझी जुनी ओळख आहे. शाळेत असताना तू माझे सगळे शर्ट वाढत्या अंगाचे शिवलेस. मी वाढलो, मिशी आली, तरी बाह्या बोटांवर येत होत्या. मी कधी तक्रार केली नाही, कारण तू विचारलंच नाहीस. तुझी काळजी अशीच असते, ताई, भरपूर, आणि न विचारता. मला ती लागते. आजारी माणसाला कदाचित थोडी कमी लागत असेल.

गाडी चुकली तर पहिलवान ती पुन्हा जुळवेल, त्याच्याकडे घोडा आहेच. तू फक्त दाजींसमोर बस आणि सरळ विचार की तुम्हाला गाडी हवी आहे का. नको म्हणाले तर नको. पण उत्तर त्यांचं असू दे. आणि मी येऊ का, तेही विचार. बायको पिशवी भरून तयार आहे.

नेहमीपेक्षा जास्तच लोभ असलेला,
तुझा धाकटा

२ मे

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

माझं अक्षर बघून दचकू नका. पत्र तुमच्या ताईच्या नकळत लिहितोय. आमच्या घरात सध्या तीच चाल आहे.

तुमचं पत्र आल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि गाडी हवी का, असं विचारलं. मी विचार करून सांगतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेल्यावर काठी घेतली आणि थांबत थांबत गॅरेजात गेलो. आता आठवडाभर रोज जातो. घोड्यावर बसून पेपर वाचतो आणि पहिलवानाशी भांडतो. त्याला फळी जरा तिरकी हवी आहे, मला सरळ. परवा तो मला म्हणाला की म्हाताऱ्या माणसाने एवढा हट्टीपणा करू नये. मला फार बरं वाटलं.

खरं सांगायचं तर मला पायाचं दुःख होतं त्याहून जास्त त्या हळू आवाजाचं होतं. माझ्याशी बोलायला येणाऱ्या प्रत्येकाचा आवाज दारातच खाली यायचा. तुमच्या ताईचासुद्धा. पूर्वी गादीवर ओला टॉवेल टाकला तर अख्ख्या आळीला कळायचं. वर्षभरात तिने मला एकदा म्हणून झापलं नाही. मी मुद्दाम टॉवेल टाकून बघितला, तिने तो मुकाट्याने उचलला. त्या दिवशी वाटलं, आपण संपलो.

त्या चुकीच्या गाडीवर बसलो आणि मला राग आला. वर्षभर नुसतं वाईट वाटत होतं, राग आला नव्हता. काय कुठे सरकवायला हवं ते घरी येईपर्यंत डोक्यात फिरत होतं, म्हणून गप्प होतो. तिला वाटलं मी खचलो. तिला हे मी सांगेन, पण गाडी नीट चालली की. भीती मलाही आहे.

तुम्ही आता खुशाल या. मी झोपल्याचं सोंग घेणार नाही.

स्नेह आहे तो राहू द्यावा.

तुमचा दाजी

२१ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि माझ्या भावजयीला एक पापा.

काल यांनी गाडी चालवली. रोज चोरून गॅरेजात जात होते, हे त्यांनी परवाच कबूल केलं आणि मलाही सोबत नेलं. पहिलवान म्हणाला होता की गॅरेजपासून वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, बस. यांनी हेल्मेट चढवलं, डावा पाय हाताने उचलून फळीवर ठेवला. मी जवळ जाऊन धरायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. तेवढं मला जमलं. गाडी जरा डगमगली, मग सरळ झाली. वळण आलं आणि हे वळून दिसेनासे झाले.

मी थांबले. आवाज लांब गेला, मग बंद झाला. माझा चहा निवला. पहिलवान एकच नट परत परत पुसत होता, म्हणजे त्यालाही धाकधूक होती. अपघातापासून हा माणूस असा एकटा गाडीवरून माझ्या नजरेआड गेला नव्हता रे. माझ्या मनात नको नको ते येऊन गेलं. धावत जाऊन बघावं म्हणून मी चप्पल घालायला लागले, तेवढ्यात आवाज आला आणि हे आले.

मी त्यांना असं झापलं की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. कुठे उलथला होतात, वळणापर्यंत जायचं ठरलं होतं ना, माझा जीव जातोय इथे, वगैरे. हे खाली मान घालून ऐकत होते आणि चेहरा नुसता फुलला होता. ते पेट्रोल भरायला गेले होते म्हणे. तिथे रांगेत गाडी पुढे घ्यायला वेळ लागला, तर मागचा माणूस खेकसला की झोपलात काय, गाडी काढा की पुढे. त्याला पाय दिसलाच नव्हता. हे मला ती हकीकत दोनदा सांगून हसले. हसताहसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही.

तुम्ही दोघं रविवारी या. वाट बघते. ओला टॉवेल आज सकाळी पुन्हा गादीवर होता, त्याबद्दल मी काय बोलले ते तुला लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज तुझ्या गावापर्यंत आला असेलच.

लोभ तर आहेच, आता तो घेऊनच या. हे आत्ता गाडी काढून गेलेत. कुठे जाताय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की अजून ठरलं नाही.

तुझी ताई