एकाच स्पीकरवर

दि. ११ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

तुम्हाला आणि जाऊबाईंना आशीर्वाद. पत्र पोचलं. कुशल विचारणाऱ्या चार ओळी आणि ओहमची दोन पानं! तुम्ही काही बदलला नाहीत, वाचून बरं वाटलं. इकडे थंडी पडलीय. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतंय.

तुम्ही लिहिलं तसंच सगळं केलं. तुमच्या दादांच्या गिटारचा अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला, मग स्पीकरच्या खोक्याची मागची फळी उघडली. डावा स्पीकर गेलाच आहे. कागद फाटून लोंबतोय, मीटर हूं की चूं करत नाही. उजव्यावर सोळा ओहम छापलंय आणि मीटर दाखवतोय साडेबारा. वाटलं, हाही गेला. मग तुमचं दुसरं पान काढलं: ‘मीटर छापल्यापेक्षा कमीच दाखवतो, घाबरू नका वहिनी.’ दोन सोळावाले शेजारी शेजारी जोडले की आठ, आणि एकटा उरला की सोळा, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी मनाशी म्हटलं, दोन दारं असली की अडवणूक निम्मी. अ‍ॅम्पच्या मागचं बटण आठवरून सोळावर आणलं. वायर गिटारची नाही, स्पीकरचीच जाड घेतली. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालू केला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत. मी जोडणी तीनदा तपासली.

अ‍ॅम्प वाचला.

पण स्पीकर फाटला कसा, हे तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर राहिलं. तुमचे दादा आवाज पार शेवटपर्यंत चढवून वाजवत होते. रोज. शेजारचे दारावर येऊन भांडून गेले. हे म्हणाले, “अजून नीट लागत नाहीये.”

भाऊजी, त्यांना ऐकू येत नाही. उजवा कान आधी गेला. डाव्यात थोडं उरलंय, तेही चाललंय. डॉक्टरांनी हात टेकले. कानातल्या मशीनने शब्द कमी आणि खरखरच जास्त येते. “कुणाला सांगायचं नाही, धाकट्याला तर मुळीच नाही,” अशी मला ताकीद आहे. तुम्ही लिहिलंत, भर बाजारात मागून हाक मारली तर दादाने मान वळवली नाही, इतका राग धरावा का माणसाने? राग नव्हता हो.

आणि तुमच्या दोघांच्या बँडच्या त्या शेवटच्या कार्यक्रमात ते बेसूर झाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, “कान आहेत की नाहीत तुला?” तुम्ही सहज बोललात. त्यांना मात्र आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी येऊन म्हणाले, “बँड बंद.” मला वाटलं होतं, चार दिवसांनी निवळेल.

रविवारी दुपारी त्यांना अ‍ॅम्पसमोर बसवलं. वाजवायच्या आधी त्यांनी खोक्यावर तळहात टेकला, मग एक तार छेडली.

“एकच चालतोय,” म्हणाले. “जोडणी कुणी सांगितली?”

डाव्या कानाशी वाकून म्हटलं, “भाऊजींनी.”

मागे वाकून सोळावर आणलेलं बटण बघितलं. मग म्हणाले, “बरोबर सांगितलंय त्याने.” आणि वाजवायला लागले. तुम्ही दोघं मिळून वाजवायचात तीच धून. तुमच्या जागा रिकाम्या सोडून वाजवली. तिसरी तार उतरली होती. मला कळत होतं, त्यांना नाही. संपल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, “कसं झालं?” मी मान डोलावली.

असं मान डोलावणं मला फार दिवस जमणार नाही. हे पत्र त्यांना न सांगता टाकतेय. त्यांनी रागवायचं तर माझ्यावर रागवू दे. तुमचा आवाज अजून त्यांच्यापर्यंत पोचेल, तेवढ्यात या.

तुमच्या दादांच्या डाव्या बाजूला बसून लिहिणारी,
वहिनी