भुंगा आला का?

२४ ऑगस्ट, रविवार
बायपास होऊन दोन महिने होतील. हे आजही रिक्लायनरमधून उठले नाहीत. डॉ. म्हणतात रोज चाला, हे म्हणतात उद्या. पोहे केले, दोन घास खाऊन बशी सरकवली. जन्मभर पेशंटना भूल दिली, आता स्वतःच गुंगीत असल्यासारखे बसून राहतात. मी दिवसभर चिडचिड करते, पण ती चिडचिड नाही, भीती आहे.

२६ ऑगस्ट
एक चांगलं झालं. खिडकीतून ओरडले, "सुनंदा, जेन्शन आलं!" मागच्या अंगणातलं लॉन उखडून यांनी जे रान माजवलंय (यांच्या भाषेत प्रेअरी), त्यात कधीकाळी याचं बी टाकलं होतं. यंदा पहिल्यांदा फुललं. अंगठ्याएवढी निळी फुलं, सगळी मिटलेली. म्हटलं, उमलली की सांगा. तर म्हणे, "अगं, ती उमलतच नाहीत. बाटलीला बूच असावं तशी बंद. भुंगा येतो, जोर लावून आत घुसतो, तेव्हा कुठे बी धरतं. मधमाशीला ते जमत नाही." असलं हट्टी फूल यांनाच सापडायचं!
बोलता बोलता चपला घातल्या आणि पायऱ्या उतरून निघालेसुद्धा. मी काठी घेऊन मागे.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. देवाला एकही निळं फूल तोडू दिलं नाही. "ती भुंग्यासाठी आहेत." म्हटलं, बाप्पानंतर तुमचा भुंगाच. हसले. किती दिवसांनी.
दुपारी पुन्हा जाऊन आले. पिवळ्या फुलांच्या गोल्डनरॉडवर भुंगे भरपूर. जेन्शनकडे एकही फिरकला नाही. "येईल."

३० ऑगस्ट
हातून काय होऊन बसलं.
चेकअपला गेलो होतो. परत आलो तर ड्राइव्हवेशेजारी गवतात पिवळी झेंडी, वर लिहिलेलं: फवारणी झाली, लांब राहा. जुलैत यांना हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा मीच फवारणीच्या कंपनीला फोन केला होता. बाहेर बसतील, डास चावायला नकोत म्हणून. त्यांच्याकडे गर्दी होती, लांबत गेलं, मी साफ विसरले. ते नाही विसरले.
हे गाडीतून उतरायच्या आत झेंडी उपटली. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे दडवली.

३१ ऑगस्ट
सकाळी यांच्या आधी गुपचूप बाहेर गेले. गोल्डनरॉड भरून फुललाय आणि आवाज नाही. एवढी शांतता त्या रानात कधी ऐकली नव्हती. वाफ्याच्या कडेला एक भुंगा उताणा, पाय हलवत होता. पानावर घेऊन कुंपणापलीकडे ठेवला. काय उपयोग.
कंपनीला फोन केला. किती दिवस राहतं हो? तिकडून खुशीत, "मॅम, यू आर गुड फॉर थ्री वीक्स." मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं!
संध्याकाळी हे, "आला का?" नाही म्हटलं.

३ सप्टें.
गंमत अशी की भुंगा येत नाही म्हणून हे चालतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ. जेवण सुधारलं. बीपी ठीक. आणि मी रोज आतून पोखरतेय.
लेकीचा, केतकीचा, पिस्कॅटवेहून फोन. तिला सगळं सांगितलं. "आई, यू हॅव टू टेल हिम." सांगितलं तर तुझे बाबा परत त्या खुर्चीत जाऊन बसतील, म्हटलं. "यू डोन्ट नो दॅट." हो, नाही माहीत. तीच तर पंचाईत.

७ सप्टें.
आज हे सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, तळ्यापर्यंत गेले. एकटे! मी खिडकीत, हातात फोन, ९११ लावायच्या तयारीत. घामाघूम होऊन आले, चेहरा मात्र उजळलेला. "तळ्याकाठी आहेत भुंगे. कितीतरी. मग आपल्याकडेच का नाहीत?"
मी वरणाला फोडणी देत होते. मोहरी जळली.

१० सप्टें.
सांगायचं ठरवून बाहेर गेले. हे वाफ्याशी वाकून फुलाशी बोलत होते, "थोडं थांब गं." मी न सांगताच परत आले.

१२ सप्टें.
उठले, चहा टाकायला गेले. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत ती पिवळी झेंडी रोवलेली.
हे बाहेर होते. गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या शोधायला गेले असणार. दोन आणल्या होत्या, जेन्शनसमोर मांडल्या होत्या. एकीत स्वतः बसलेले.
"अहो, मी डासांसाठी..."
"कळलं. बस."
बसले. रडू आलं, आवरलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रागाने की काय, कोण जाणे. फुलांकडे बघतच म्हणाले, "तळ्यावरून इकडे यायला त्यांना काय वेळ लागतो. फवारा उतरायला हवा फक्त." मग, "आणि फुलं टिकायला हवीत."

१५ सप्टें.
तीन फुलं तपकिरी पडली. सहा अजून निळी. आज एक भुंगा आला! गोल्डनरॉडवर बसला, जेन्शनभोवती घुटमळला. आम्ही दोघं श्वास रोखून. कुंपणावरून निघून गेला. यांनी जेवणात ताक मागून घेतलं.

१८ सप्टें.
निळी चारच. रात्री गारठा होता. मला माफ केलंय का, विचारायचं धाडस होत नाही.
आज मलाच जाग यायला उशीर झाला. अंगाला शाल लपेटून खाली आले तर हे दारात उभे, चपला घालून, माझ्या चपला शेजारी काढून ठेवलेल्या.
"चल लवकर. ऊन आलंय फुलांवर."