घर वाईट आहे हे पटवताना

२३ फेब्रुवारी २००९, सोमवार

टाउनशिपची, म्हणजे गावच्या कचेरीची, घरपट्टीची नोटीस आली. माझ्या घराची किंमत म्हणे एक लाख अठरा हजार डॉलर! कोण देतंय? शेजारचं घर – एवढंच, शिवाय गॅरेज – बँकेनं जप्त करून एकेचाळीस हजारांत फुंकलं. कारखाना बंद पडल्यापासून अर्ध्या रस्त्यावर अंधार, आणि माझ्या बोडक्यावर कर मात्र भरभराटीच्या दिवसांतला! एवढा भरायचा तर घर जाणार, आणि मी बहिणीच्या, मार्लिसच्या तळघरात, तिच्या मांजरांबरोबर. मेले तरी जाणार नाही.

२४ फेब्रुवारी

कचेरीत जाऊन भांडले. किंमत ठरवतो कोण, तर रॉडनी प्लॅगमार्स! चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायचे, तेव्हा माझ्याच वर्गात नाक पुसत बसायचा.

"बँकेनं विकलेलं घर धरत नाहीत, बाई."

"मग काय धरतोस?"

"राजीखुशीनं झालेली विक्री. नाहीतर घराची अवस्था. शुक्रवारी येतो, मोडकंतोडकं असेल ते दाखवा."

राजीखुशीनं! या गावात वर्षभरात कोणी राजीखुशीनं खुर्चीसुद्धा विकलेली नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रॉडनी येऊन गेला.

काल दिवसभर घर घासत होते. पडदे धुतले. तळघराच्या ओल्या भिंतीला चुना फासला. छताच्या गळतीखालची बादली उचलून तिथे टेबल सरकवलं. परका माणूस घरात येणार आणि त्याला घाण दिसू द्यायची? आमच्या आईनं मरायच्या आधीसुद्धा चादर बदलायला लावली होती! कॉफी ठेवली, पवनचक्कीच्या आकाराची बिस्किटं भाजली. रॉडनीनं दारात बूट काढले, चार बिस्किटं हाणली आणि कागदावर लिहिलं – अवस्था उत्तम.

उत्तम!!

मार्लिस फोनवर किंचाळली, "अगं, कर कमी करून घ्यायचा होता की मुलगी दाखवायची होती?" मी फोन आपटला.

१ मार्च, रविवार

चर्च. प्रवचन सुरू झालं तशी मागच्या बाकावरून गेरिट बोर्स्मानं नेहमीसारखी पेपरमिंटची गोळी पुढे केली. कराच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष हाच. घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

"सगळ्यांचाच कर कमी केला, युनिस, तर रस्त्यावरचा बर्फ कोण उपसणार?"

"तू उपस."

पुढचे दोन बाक मागे वळले. वळू देत.

५ मार्च

चुना खरवडला. खाली काळी बुरशी. बादली जागेवर ठेवली. माझ्या नवऱ्यानं, बर्टनं, स्वतः ओढलेल्या वायरी भिंतीतून लोंबताहेत, त्यांचेही फोटो काढले. स्वतःच्या घराची अब्रू स्वतःच्या हातानं काढतेय. बर्टवर इतकी चिडले! सगळं अर्धवट टाकून खुशाल मेलास! मग रडले.

९ मार्च, सोमवार

सुनावणी. निम्मं गाव आपापली पाळी येईपर्यंत बाकांवर बसलेलं, कान टवकारून.

"रॉडनी तर उत्तम म्हणतो," गेरिट.

"घासलेलं होतं म्हणून! घासलं म्हणजे छत गळायचं थांबतं का रे?"

फोटो टेबलावर आपटले. रॉडनीचे कान लाल. गेरिट एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला.

"युनिस, यात राहतेस तू?"

"मग काय तुझ्याकडे येऊन राहू?"

सगळे हसले. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. साठ हजारांवर आणलं! कर निम्म्यावर. घर राहिलं. घरी येऊन वाटाण्याचं सूप केलं आणि दोन वाट्या प्यायले.

१३ मार्च

सकाळी दाराची काच व्हिनेगरनं लखलखीत पुसली. बाजारातून आले तर त्यावर लाल कागद चिकटवलेला – राहण्यास अयोग्य, महिन्याभरात खाली करा. गेरिटनं माझे फोटो शेजारच्याच खोलीतल्या बांधकाम निरीक्षकाकडे दिले होते.

मार्लिसला फोन केला. टोमणा मारेल वाटलं. म्हणाली, "ये. मांजरं मी वर घेते."