हळदीला खाली बसायचंय

केदारखेडा
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजलीस आबाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, राग धरू नको. माझं शिक्षण चौथीपर्यंत, हात हळू चालतो. पण फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाई आणि उरलेल्या निम्म्याची काळजी लागून राहते, म्हणून तू पत्र लिहितेस ते बराबर करतेस.

शेळ्या, रान सगळं ठीक. तुझ्या आजीचं मन ठीक न्हाई. दिवाळीत गोठ्यात घसरून पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले की हाड शाबूत आहे. तरी मी तिला बाजेवरून बिलकुल हलू दिलं न्हाई. चहा, पाणी, ताट सगळं जागेवर देतो. आता तिला बाजेवरून उठायलाही माझा खांदा लागतो. खाली तर बसतच न्हाई. बसले तर उठेन कशी, म्हणते.

लग्नाची हळद जात्यावर दळायची आणि पहिली मूठ घरातल्या वडील सवाशिणीनं घालायची, ही आपली रीत. परवा म्हणाली, प्रांजलीच्या हळदीला दुसऱ्या कुणाला बसवा. मंग भिंतीकडं तोंड करून पडली. तेव्हापासून मला घास गोड लागत न्हाई.

तू लिहितेस, तिच्याकडून व्यायाम करून घ्या. पोरी, व्यायाम तालमीतल्या पोरांनी करावा, न्हाईतर शहरातल्या जाड माणसांनी. हिच्या अंगावर मूठभर मांस न्हाई, हिनं काय झडवायचं? तू स्वतः तुराटीसारखी, आणि वजनं उचलतेस. सासरच्यांना वाटेल, पोरीला घरी खायला देत न्हाईत. आणि आजी पुन्हा पडली तर?

माया आहे तशी राहू दे.
तुझा आबा, त्रिंबक

जालना
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना आणि आजीला प्रांजलीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सासरच्यांची काळजी सोडा, ते माझं जेवण बघूनच घाबरलेत. आबा, मी बारीक व्हायला व्यायाम करत नाही. बियाण्याच्या कंपनीत दिवसभर बसून दाणे तपासते. संध्याकाळी कंबर धरते आणि सगळा राग आईवर निघतो. मैदानावर जाऊन आले की डोकं शांत होतं, झोप लागते. आता एखाद्या दिवशी मी कंटाळा केला तर आईच मला घराबाहेर काढते.

आजीचं इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. पायांना काम राहिलं नाही म्हणून त्यातली ताकद गेली, ती परत येईल, असं त्या म्हणाल्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. ते जमलं की बाजेवरून, मग चौरंगावरून, मग पाटावरून. दुखलं की थांबायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, पण ती पडत नसेल तर हात देऊ नका. हे तुम्हाला तिच्यापेक्षा अवघड जाईल.

एक सांगायचं राहिलं. आजीला त्रास नको म्हणून आईनं दुकानातली दळलेली हळद आणायचं आणि आजीसाठी खुर्ची मांडायचं ठरवलंय. मला ते बरं वाटत नाही, पण आजी बसेल की नाही हे कळल्याशिवाय आईला काय सांगू?

दोघांनी जपा आणि माझ्यावर रागावू नका.
तुमची प्रांजली

केदारखेडा
दि. २३ मार्च २०२५

चि. प्रांजलीस आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलंस तसं खुर्चीपासून धरलं. आजी रोज मला बोल लावायची, की बायको धडपडतेय आणि हा माणूस खांबासारखा उभा आहे. माझा हात आपोआप पुढं जायचा, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहू लागलो. शेजारची नंदाबाई म्हणाली, म्हातारा जमादार झाला.

बाज झाली, चौरंग झाला. पाटाला मात्र आजी अडून बसली. तिला दाखवावं म्हणून मीच पाटावर बसलो आणि मला उठता येईना. हात मागितला तर म्हणाली, हात द्यायला नातीची मनाई आहे. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा हसली. शेवटी मी वासरासारखा चार पायांवर होऊन उठलो. तेव्हापासून दोघंही करून राह्यलो.

दिसायला तिच्यात काडीचा फरक न्हाई. पण शेळ्या तीच सोडते आणि चहा मला हातात देते. मला रिकाम्या हातांची काळजी लागली होती, तर तिनं गोठा झाडायला लावलं. मंग झोपही बरी लागायला लागली.

तुझं पत्र वाचून दाखवताना दुकानातल्या हळदीची ओळ मी भीतीनं गाळल्ती. काल ती जात्यापाशी खाली बसली, ज्वारी दळली आणि एक हात जमिनीला टेकून आपली आपण उठली. मी दारातच उभा होतो. मंग ती ओळ वाचली.

फार रागावली. तुझ्या आईला, दैवशालाला, लिही म्हणाली, की खुर्ची व्याह्यांना द्या, दळलेली हळद भाजीत घाला, आणि मला हळकुंडं आणून ठेवा. आणली की न्हाई ते जल्दी कळव. कळवलं न्हाईस तर ती एसटीनं एकटी येऊन बघणार आहे, आणि आता तिला अडवणं माझ्याच्यानं होत न्हाई.

पत्राची वाट बघतो.
आबा