खिडकीतला हात

कट्टा, बुधवार, १२ मार्च १९८६

दोडामार्गाहून वसंताचं पान आलं. आमच्या चित्रकथेचं एक पान तो काढतो, पुढचं मी. चार वर्षं असंच चाललंय. या वेळी त्याने आमच्या बापू खलाशाला सरळ गोव्याच्या गाडीत बसवलंय. शेवटच्या चौकटीत खिडकीतून हलणारा हात, एवढंच. सोबत चिठ्ठीही नाही. आता पुढे काय काढू? दर वेळी मीच निस्तरायचं?

बायको म्हणाली, "परतीच्या गाडयेन हाडा तेका. तेच्यात काय मोठां?"

बापूला परत आणायचा कंटाळा आला होता, तरी टाक शाईत बुडवला. मग तो हात पुन्हा पाहिला. मनगटावर घड्याळ, काचेला तडा. बापूला आम्ही घड्याळ कधीच दिलं नव्हतं. ते वसंताचं.

दिवाळीत म्हणाला होता, गोव्यात पाट्या रंगवायचं काम मिळतंय. मी हसण्यावारी नेलं.

टाक पुसून ठेवला.